ट्रकभर गाळात एक गोणी युरिया

तुमचा प्रश्न असा: सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ खत म्हणून विकला जातोय आणि त्याचा बाजार वाढतोय असं वाचलं. हे खरंच चांगलं खत आहे, की शहराची घाण शेतात ढकलायचा उद्योग?

दोन्ही आहे. मी अशा एका केंद्रात गाळाच्या बाजूला बरीच वर्षं काढली, तेव्हा तिथून जे दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, हा बाजार घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या गरजेवर उभा आहे. पाणी साफ करायचं म्हणजे त्यातली घाण बाजूला काढायची. ती हवेत विरत नाही, गाळ होऊन बसते, आणि पाणी जितकं जास्त साफ करावं तितका गाळ वाढतो. पूर्वी सोपं होतं: न्यूयॉर्क शहर 1992 पर्यंत आपला गाळ समुद्रात नेऊन ओतत होतं, युरोपीय संघात ही पळवाट 1998 च्या अखेरीस बंद झाली. कचराडेपोत टाकला तर जागा खातो आणि कुजताना मिथेन सोडतो. जाळावा तर तो ओलागच्च. मग उरतं शेत. शेतकऱ्याला हा गाळ बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळतो, कारण तो उचलला जाणं हीच केंद्राची कमाई असते. अमेरिकेतल्या या व्यवसायाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला 'बायोसॉलिड्स' हे गोंडस नाव दिलं. आपल्याकडे 'सोनखत' हा शब्द आधीपासून आहे, आणि तो जास्त प्रामाणिक वाटतो मला. फक्त एक फरक: जुन्या सोनखतात कारखान्यांचं पाणी, औषधं आणि साबणाचा फेस मिसळलेला नसायचा.

आता खत म्हणून हिशेब करू. सेंट्रीफ्यूज किंवा बेल्ट प्रेस या पाणी पिळून काढणाऱ्या यंत्रांतून जो गाळ निघतो त्याला आम्ही 'केक' म्हणतो. हातात घेतला तर ओल्या शाडूसारखा लागतो, घट्ट दिसतो, पण त्यात साधारण 80 टक्के पाणी असतं. म्हणजे 10 टनांच्या ट्रकमध्ये 8 टन पाणी आणि 2 टन माल. त्या मालात नत्र 4 टक्के धरलं तर 80 किलो होतं. त्यातलं बरंचसं सेंद्रिय रूपात अडकलेलं असतं, पहिल्या वर्षी पिकाच्या हाती पाव ते तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे वीस-पंचवीस किलो. 50 किलो युरियात 23 किलो नत्र असतं. थोडक्यात, ट्रकभर गाळ आणि एक गोणी युरिया, पहिल्या वर्षापुरती बरोबरी! म्हणून ओला केक दूरवर न्यायला कधीच परवडत नाही. ज्यांनी खरा बाजार केला त्यांनी आधी पाणी घालवलं. मिलवॉकी शहर 1926 पासून आपला गाळ भट्टीत वाळवून, दाणेदार करून 'मिलऑर्गनाइट' या नावाने पोत्यातून विकतंय. सुरुवातीची गिऱ्हाइकं शेतकरी नव्हतीच, गोल्फची मैदानं होती.

खरी किंमत आहे स्फुरदाची. त्याच ट्रकमध्ये स्फुरद (शुद्ध फॉस्फरस म्हणून मोजलेलं, पोत्यावरचं P2O5 नव्हे) 2 टक्के धरलं तर 40 किलो भरतं, आणि तेवढं डीएपी खतातून द्यायला जवळपास 200 किलो डीएपी लागेल. फॉस्फेटचा दगड जमिनीतून खणून काढावा लागतो आणि त्याचे साठे मूठभर देशांत आहेत, सगळ्यात मोठा मोरोक्कोकडे. त्यामुळे 2022 साली खतांचे भाव भडकले तेव्हा गाळाकडे पुन्हा लक्ष गेलं यात नवल नाही. पण हुरळून जाऊ नका. केंद्रात लोहाचे क्षार टाकून स्फुरद खाली बसवला असेल तर तो पिकाला सावकाश मिळतो. शिवाय नत्राची सगळी गरज गाळातूनच भागवायला गेलात तर स्फुरदाचा ढीग होतो, मग तो पावसाबरोबर ओढ्यात जातो आणि तिथे शेवाळ माजवतो. पालाश तर जवळजवळ नसतोच, तो पाण्यात विरघळून आधीच निघून गेलेला असतो.

जंतूंबद्दल एक पाहिलेली गोष्ट. ड्रायिंग बेडवर, म्हणजे गाळ उन्हात वाळवायच्या वाफ्यावर, गाळ पसरला की काही दिवसांनी भेगांमधून टोमॅटोची रोपं वर येतात. माणसाच्या पोटातून, गटारातून, 35 अंशांच्या डायजेस्टरमधून (गाळ हवेशिवाय पचवायची बंद टाकी) जाऊनही बी जिवंत! नवीन रुजू झालेला प्रत्येक जण त्याचा फोटो काढतो. मला मात्र ती रोपं दिसली की एवढंच कळायचं, हा गाळ पुरेसा तापलेला नाही. टोमॅटोचं बी तरलं तर जंतांची अंडीही तरली असणार असं धरून चालावं. अमेरिकेच्या 1993 च्या नियमांत म्हणूनच दोन वर्ग आहेत. 'अ' वर्गासाठी कंपोस्टच्या लांब ढिगात 55 अंश किंवा जास्त तापमान 15 दिवस टिकवावं लागतं आणि तेवढ्यात ढीग किमान 5 वेळा उलटावा लागतो. 'ब' वर्ग अर्धामुर्धा निर्जंतुक असतो, म्हणून त्यावर वाट पाहण्याची अट आहे: गुरं सोडायला 30 दिवस, जमिनीला टेकणाऱ्या भाज्या काढायला 14 महिने, आणि जमिनीखाली वाढणाऱ्या पिकांना 20 किंवा 38 महिने.

तापवल्याने जंतू मरतात, जड धातू नाही. उलट डायजेस्टरमध्ये सेंद्रिय भाग निघून गेला की उरलेल्या मालात किलोमागे धातूंचं प्रमाण वाढतं. कॅडमियमसाठी अमेरिकेची कमाल मर्यादा कोरड्या गाळाच्या किलोमागे 85 मिलिग्रॅम, चांगल्या दर्जासाठी 39, युरोपच्या 1986 च्या निर्देशात 20 ते 40. धातूंचा प्रश्न कारखान्यांचं पाणी गटारात येण्याआधीच अडवलं तर बराच सुटतो. खरी अडचण पीफास रसायनांची आहे. न चिकटणाऱ्या भांड्यांपासून अग्निशामक फेसापर्यंत सगळीकडे ती वापरली गेली, आणि ती कुजत नाहीत, की 55 अंशांना भीत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्यात गाळ टाकलेल्या शेतांतून ती दुधात उतरली आणि 2022 मध्ये राज्याने गाळ शेतात टाकण्यावर बंदीच घातली. स्वित्झर्लंडने हे दार 2006 मध्येच लावलं होतं. जर्मनी वेगळ्या वाटेने गेलाय: 2029 पासून मोठ्या केंद्रांना गाळातून किंवा त्याच्या राखेतून स्फुरद वेगळा काढावा लागणार आहे. माझ्या मते लांबचा रस्ता तोच, पण तो महागडा आहे आणि लहान केंद्रांना झेपणारा नाही.

तर तुम्ही घ्यायचा की नाही? घरगुती सांडपाण्याचाच गाळ असेल, शेत ओढ्या-विहिरीला लागून नसेल, तर मी घेईन, आणि झाडांच्या बागेला किंवा लाकडासाठी लावलेल्या झाडांना टाकेन. पालेभाजीला आणि कंदांना नाही. अहवाल मात्र त्याच लॉटचा मागा, गेल्या वर्षीचा नको. आणि आकडे 'कोरड्या वजनावर' आहेत ना ते बघा. इथे हातचलाखी होते: 39 मिलिग्रॅमचा कॅडमियम ओल्या वजनावर मांडला की 8 दिसतो आणि सगळे खूश.

वासाचंही सांगतो. एकदा आमच्याकडून तीन ट्रक नेलेल्या माणसाने ढीग बांधावर ठेवला, पाऊस पडला आणि दोन दिवसांत शेजारी भांडायला आले. चूक आमची होती. त्या आठवड्यात डायजेस्टरवर भार जास्त होता आणि आम्ही अर्धवट पचलेला गाळ पुढे ढकलला होता. तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगतो: ट्रक मागवायच्या आधी हातमोजे घालून मूठभर केक बरणीत घ्या, थोडं पाणी घाला, झाकण सैल लावून दोन-तीन दिवस ठेवा. नीट पचलेल्या गाळाला ओल्या मातीचा, थोडा डांबरासारखा वास येतो. कुजक्या अंड्यांचा आला तर तो लॉट घेऊ नका.