वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या रामसेसचे नाव इतक्या ठिकाणी कसे?

प्रश्न : इजिप्तमधील प्राचीन वास्तूंविषयी वाचताना फॅरो दुसरा रामसेस याचे नाव वारंवार येते. ही सारी मंदिरे आणि पुतळे त्यानेच उभारले का? भिंतींवर कोरलेल्या लढाया त्याने खरोखर जिंकल्या होत्या का?
(इयत्ता आठवीतील एक वाचक)

उत्तर : दुसऱ्या रामसेसने सुमारे इ. स. पू. १२७९ ते १२१३ अशी तब्बल ६६ वर्षे राज्य केले. एवढा काळ हाती असल्यामुळे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील पी-रामसेस या राजधानीपासून दक्षिणेकडील नुबियापर्यंत त्याला भरपूर बांधकाम करता आले. मात्र त्याचे नाव असलेली प्रत्येक वस्तू त्याने घडवून घेतलेली नाही. आधीच्या राजांचे, विशेषतः तिसऱ्या आमेनहोतेपचे, कित्येक पुतळे त्याच्या कारकिर्दीत पुन्हा तासून त्यांवर त्याचे नाव घालण्यात आले.

कर्नाक येथील प्राचीन मंदिराच्या १३४ स्तंभांच्या सभामंडपात भिंती जवळून पाहाव्यात. त्याचे वडील पहिले सेती यांच्या काळात सजवलेल्या उत्तर भागात भोवतीचा दगड तासून आकृती उठावात कोरल्या आहेत, तर रामसेसने पूर्ण केलेल्या दक्षिण भागात बहुतेक आकृती दगडात आत खोदलेल्या आहेत. असे खोदकाम लवकर उरकते आणि खोल असले म्हणजे मागाहून येणाऱ्या राजाला ते पुसून टाकणे जड जाते.

सर्वस्वी त्याची म्हणावी अशी वास्तू अबू सिंबेलची. तेथे वालुकाश्माच्या डोंगरातच मंदिर कोरून दर्शनी भागी सुमारे २० मीटर उंचीचे त्याचे चार बैठे पुतळे घडवले आहेत. शेजारच्या लहान मंदिराच्या दर्शनी भागी राणी नेफरतारीचे पुतळे राजाच्या पुतळ्यांइतकेच उंच आहेत, आणि हा मान इजिप्तमध्ये राणीला क्वचितच मिळे. आस्वानच्या नव्या धरणात ही मंदिरे बुडू नयेत म्हणून १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने ती कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जुळवण्यात आली. प्राचीन काळी भूकंपाने कोसळलेल्या एका पुतळ्याचे तुकडेही नव्या जागी पूर्वीसारखेच जमिनीवर मांडले आहेत.

आता लढाईविषयी. सुमारे इ. स. पू. १२७४ मध्ये आजच्या सीरियातील कादेश येथे हिटाइट या आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन राज्याचा राजा मुवातल्ली याच्याशी त्याची गाठ पडली. हिटाइट सैन्य अजून दूर आहे, या हेरांच्या थापेवर विश्वास ठेवून तो पुढे गेला आणि कोंडीत सापडला. भिंतींवर तो एकटाच शत्रूची दाणादाण उडवताना दिसतो. प्रत्यक्षात वेळेवर कुमक आल्यामुळे तो बचावला, आणि कादेश काही त्याच्या हाती लागले नाही.

मला या विजयचित्रांपेक्षा पुढचा तह अधिक मोलाचा वाटतो. सुमारे इ. स. पू. १२५९ मध्ये त्याने हिटाइट राजा तिसरा हत्तुसिली याच्याशी कायमची मैत्री ठरवली. त्याचा इजिप्शियन मजकूर कर्नाकच्या भिंतीवर आहे आणि दुसऱ्या बाजूचा मजकूर हत्तुसा या हिटाइट राजधानीच्या जागी मातीच्या पाट्यांवर सापडला. एकमेकांवर स्वारी न करणे आणि परचक्र आल्यास मदतीला धावून जाणे ही त्यातील मुख्य कलमे होत. शिवाय एका राज्यातून पळून दुसऱ्यात गेलेल्या माणसाला परत पाठवावे, परंतु त्याचे घर, बायका-मुले यांना धक्का लावू नये आणि त्याचे डोळे, कान, तोंड वा पाय यांना इजा करू नये, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.