म्युनिकला निघालेल्या इंदूरकरास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमध्ये तुम्ही काही मित्र मिळून दर महिन्याला प्रोग्रामर मंडळींचा मीटअप भरवता, आता म्युनिकला नोकरी मिळाली आहे, पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर येणार आहेत, आणि पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा, लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली, ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा, अशा ज्या ऑनलाइन समुदायांत तुम्ही वर्षानुवर्षे वावरता, त्यांच्या तिथल्या भेटीगाठींतून तुम्हाला आपली माणसे मिळतील का, हे तुम्हाला विचारायचे आहे. मी इंदूरच्या रामबागेत वाढलो, तिथेच इंजिनिअर झालो आणि आता बरीच वर्षे म्युनिकला आहे. ब्लू कार्ड म्हणजे नोकरीसाठीचा युरोपीय परवाना, विमा, पगाराची किमान मर्यादा यांबद्दल मी काही लिहीत नाही, कारण ते सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि तुम्ही ते माझ्यापेक्षा ताजे वाचले असेल.

माणसे मिळतील, आणि बहुधा पहिल्याच महिन्यात मिळतील. परंतु ती विषयापुरती मिळतील, आणि हा 'पुरती' किती कडक असतो याची कल्पना इंदुरात बसून येत नाही.

आपल्याकडचा मीटअप आठवा. वेळ दहाची असते, लोक पावणेअकराला येतात, विजयनगरातल्या एखाद्या को-वर्किंगच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरची केबल शोधण्यात आणखी वीस मिनिटे जातात, शेवटी बॅनरसमोर सगळ्यांचा फोटो होतो आणि मंडळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जिलेबीला जातात. पोह्यांवर शेव पडायच्या आत कोणीतरी 'काय भिया' म्हणून खांद्यावर हात ठेवते, आणि बोलणारा मराठी निघाला तर रामबागेतल्या अमक्यांचे तुम्ही कोण, येथपासून वडील कोणत्या खात्यातून निवृत्त झाले, बहिणीचे कुठे जमले, सगळी चौकशी तिथेच उभ्या-उभ्या होते. मला त्या वेळी या चौकशीचा वैताग येत असे.

म्युनिकमध्ये सातची वेळ म्हणजे सात. एखादी कंपनी आपली जागा देते, पिझ्झा आणि क्लब-माटे या तरतरी आणणाऱ्या पेयाच्या बाटल्या ठेवते, त्या बदल्यात 'आम्हाला माणसे हवी आहेत' अशी एक स्लाइड दाखवते, मग दोन व्याख्याने होतात. व्याख्यान संपल्यावर विद्यापीठातली जुनी सवय असलेले लोक टाळ्यांऐवजी बोटांच्या पेरांनी टेबल ठोकतात, आणि मी पहिल्यांदा बोललो तेव्हा तो आवाज ऐकून क्षणभर मला वाटले की मला गप्प बसवले जात आहे. फोटो काढण्यापूर्वी विचारावे लागते, आणि बरेच जण नको म्हणतात. त्यानंतर ज्यांना हवे ते जवळच्या बिअरच्या ठिकाणी जातात, प्रत्येक जण आपापले पैसे देतो, आणि तासन्तास मेमरी लीकवर, म्हणजे प्रोग्रामने संगणकाची स्मृती उगाच अडवून ठेवण्याच्या दोषावर, बोलतो. तुमच्या घरी कोण आहे, हे तुम्ही सांगितल्याशिवाय कोणीही विचारणार नाही. त्यात तुटकपणा नसतो, उलट तुमच्या खासगीपणाचा मान राखला जातो. पण परिणाम असा होतो की ज्यांच्याबरोबर मी एक सबंध हिवाळा दर महिन्याला बसलो, त्यांना मला मुलगी आहे हे माहीत नव्हते.

कोणत्या गटात जावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. इंग्रजीत चालणारे गट सोपे असतात, तिथे तुमच्यासारखेच नुकतेच आलेले लोक भेटतात, आणि म्हणूनच ते टिकत नाहीत. कोणी बर्लिनला जातो, कोणी परत बंगळुरूला जातो, आणि दोन वर्षांनी तुम्हीच सगळ्यांत जुने सदस्य होऊन बसता. जर्मनमध्ये चालणारे गट कंटाळवाणे वाटतील, सुरुवातीला निम्मे कळणार नाही, पण तिथे तीच माणसे त्याच टेबलाभोवती वर्षानुवर्षे बसलेली सापडतात. या शहराला त्याची जुनी सवय आहे. विकिपीडियाच्या संपादकांची जगातली पहिली प्रत्यक्ष भेट ऑक्टोबर २००३ मध्ये म्युनिकमध्येच झाली, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपले संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला होता. २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे वळायचे ठरवले, आणि लिनक्सवाल्या वडीलधाऱ्या मंडळींसमोर हा विषय काढलात तर संध्याकाळ कशी जाईल याची चिंता उरत नाही. केऑस कॉम्प्युटर क्लब ही हॅकर मंडळींची संघटना तर १९८१ पासून आहे, त्याचे स्थानिक गट शहरोशहरी आहेत आणि बहुतेकांच्या खुल्या संध्याकाळी कोणालाही जाता येते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रुसेल्सच्या विद्यापीठात भरणाऱ्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या संमेलनालाही जाऊन या, त्याला प्रवेशशुल्क नाही आणि नावनोंदणीही नाही.

मीटअप डॉट कॉमवर गट दिसला म्हणजे तो जिवंत आहे असे समजू नका. ते संकेतस्थळ २००२ मध्ये सुरू झाले, २०१७ पासून पुढे त्याचे मालक बदलत गेले, गट चालवणाऱ्याला वर्गणी भरावी लागते आणि बरेच गट करोनाच्या काळात बंद पडूनही तिथे नावापुरते उरले आहेत. शेवटचा कार्यक्रम कधी झाला ते आधी पाहा. आणि पहिल्या भेटीत व्याख्यान देऊ नका, खुर्च्या उचला. आपल्याकडे सतरंज्या उचलणाऱ्याला कोणी मोजत नाही, तिथे मात्र शेवटी थांबून खुर्च्या रचणाऱ्यालाच पुढच्या वेळी नावाने हाक मारतात, कारण ते काम करणारे नेहमी तेच तिघे-चौघे असतात आणि त्यांना चौथा-पाचवा हवाच असतो.

आता कागदपत्रांबद्दल थोडे, कारण ते माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. भारत २००५ मध्ये ॲपोस्टिलच्या, म्हणजे एका देशाची कागदपत्रे दुसऱ्या देशात एकाच शिक्क्यावर मान्य होण्याच्या, करारात सामील झाला, पण जर्मनीने हरकत घेतल्यामुळे दोन्ही देशांत आपसांत तो शिक्का चालत नाही, हे तुम्हाला कळलेच असेल. आमचे विवाहाचे प्रमाणपत्र हिंदीत होते. शपथबद्ध अनुवादकाने त्यावरचे 'इन्दौर' हे नाव लिप्यंतराच्या नियमांप्रमाणे रोमनमध्ये नेले, पासपोर्टवर मात्र इंग्रजी वळणाचे स्पेलिंग होते, आणि एका कार्यालयाने आम्हाला लेखी विचारले की ही दोन गावे एकच आहेत याचा पुरावा काय. ओपनस्ट्रीटमॅपच्या टेबलावर मी हे रागारागाने सांगितले, तेव्हा एका गृहस्थांनी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून त्या शहराच्या बिंदूला जोडलेली हिंदी, मराठी, इंग्रजी सगळी नावे दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याची नीट छापील प्रत मला आणून दिली. कार्यालयातल्या बाईंनी ती प्रत कौतुकाने पाहिली आणि परत केली. त्यांना अनुवादकाचाच शिक्का हवा होता, तो आणण्यात पुढचे कित्येक आठवडे गेले. तरीही माझे खासगी गाऱ्हाणे त्या टेबलावर मांडण्याची ती पहिली वेळ होती, आणि त्या छापील कागदाने मला जितका धीर दिला तितका नंतर मिळालेल्या खऱ्या कागदानेही दिला नाही.

मुलाच्या शाळेचा तुम्ही प्रश्नात उल्लेखही केलेला नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र मिळते, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते, आणि तिथे १ हा सर्वांत चांगला शेरा असल्यामुळे सरासरी जितकी कमी तितकी चांगली. २.३३ पर्यंत जिम्नाशियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, आणि २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे त्याखालची मधली शाळा. माझी मुलगी इंदुरातून येऊन तिसरीत बसली होती. चौथीत तिला गणितात १, परिसर अभ्यासात ३ आणि जर्मनमध्ये ४ मिळाला, म्हणजे बरोबर २.६६. शिक्षिकेने अतिशय सभ्यपणे सांगितले की रेआलशूल तिच्यासाठी उत्तम आहे, आणि आम्ही लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून मान डोलावली, कारण मेमरी लीकवर बोलण्याइतके माझे जर्मन तयार झाले होते, शिक्षिकेशी वाद घालण्याइतके झाले नव्हते.

पुढच्या शरद ऋतूत मीटअपनंतरच्या बैठकीत बोलता-बोलता हा विषय निघाला. माझ्या शेजारी नेहमी बसणारे, दोन मुलांचे वडील असलेले सद्गृहस्थ ग्लास खाली ठेवून म्हणाले की ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची कमतरता भरून निघण्यासारखी आणि फक्त भाषेची असेल, तर शाळा ३.३३ पर्यंतच्या सरासरीलाही जिम्नाशियमची पात्रता ठरवू शकते, हे तुम्हाला कोणी सांगितले नाही का? कोणी सांगितले नव्हते. नियम छापलेला होता, शाळेला माहीत होता, आणि त्या गृहस्थांना तर आदल्या वर्षापासून तोंडपाठ होता. मी मुलीचा विषय कधी काढला नव्हता, आणि त्यांनी तो काढणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. रामबागेतली कोणतीही काकू हे जिन्यात गाठून विचारून मोकळी झाली असती.

मुलगी रेआलशूलमध्ये आनंदात आहे, तिथून पुढे बारावीच्या तोडीच्या परीक्षेपर्यंत जाण्याचे मार्गही आहेत, आणि पत्नीने हा विषय केव्हाच सोडून दिला आहे. माझ्याने तो सुटलेला नाही. त्या शिक्षिकेचा मला अजूनही राग येतो आणि तो रास्त आहे असेच मला वाटते. म्हणून तुम्हाला माझे सांगणे असे आहे की तिसऱ्या-चौथ्या भेटीत, कोणी विचारण्याची वाट न पाहता, मला सात वर्षांचा मुलगा आहे आणि तो अमुक शाळेत जाणार आहे, हे तुम्ही स्वतः टेबलावर ठेवा. ऐकणारे थोडे बिचकतील, मग तुमच्यासाठी तासभर खपतील.

एकटेपणाबद्दल एवढेच सांगतो की तो येतो, नोव्हेंबरात जास्त येतो, आणि त्याचा फार बाऊ करू नये. मंडळाच्या गणपतीला जावे, पोहता येत असेल तर पोहावे. पत्नीचा विचार मात्र आधी करा. मीटअप संध्याकाळी असतात, म्हणजे नेमक्या मुलाच्या जेवणाच्या आणि झोपण्याच्या वेळी, आणि तुमचा महिन्यातला प्रत्येक गट हा तिच्या वाट्याची एक एकटी संध्याकाळ असते. दोनच गट धरा, एक इंग्रजी आणि एक जर्मन. तिलाही तिच्या कामाचा किंवा आवडीचा गट शोधून द्या, आणि त्या संध्याकाळी तुम्ही घरी थांबा.

तुमच्या इंदूरच्या गटाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी मला राहवत नाही. आम्ही जो गट सुरू केला होता, तो माझ्याशिवाय उत्तम चालला आहे. नवी मुले आली आहेत, रात्री सराफ्यातल्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खातानाचे फोटो टाकतात, आणि मी ते फोटो मोठे करून मागे कोणाची दुकाने दिसतात ते पाहत बसतो. त्यांना माझे नाव माहीत असायचे काही कारण नाही, हे मला कळते. म्युनिकच्या टेबलावर मला आता घरच्यांची विचारपूस होते, मुलीच्या परीक्षेच्या दिवशी संदेश येतात, एकाने तर तिला जुना संगणक खोलून पुन्हा जोडायला शिकवले. याला मैत्री म्हणायचे का, हे मी स्वतःला विचारतो आणि उत्तर दर महिन्याला वेगळे येते. मात्र पहिल्या बुधवारी साडेसहाला मी कोट चढवून निघतो, हे खरे.

निघण्यापूर्वी इंदूरच्या गटाची सूत्रे नीट सोपवा. संकेतस्थळाचे आणि ईमेलचे पासवर्ड, हॉलवाल्याचा संपर्क, बॅनर कोणाच्या घरी आहे, हे सगळे लिहून द्या, आणि एका माणसाकडे न देता दोघांकडे द्या. गटाची वर्गणी तुमच्या कार्डावरून आपोआप कापली जात असेल तर ते कार्डही बदलून घ्या, कारण तिथे गेल्यावर भारतीय नंबरावर येणारा ओटीपी मिळवताना फार हाल होतात.