आजीच्या गाण्यातला 'दास' कोण?

प्रश्न : माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली, ख्रिस्ती. भाकरी थापताना ती जी गीते म्हणायची ती मला थेट वारकऱ्यांचे अभंग वाटत. शेवटी 'दास म्हणे' यायचे. आत्याला त्यातली काही अजून येतात. चर्चच्या गाण्याला हा ठेका कसा आला? आणि हा दास कोण? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुमच्या आजीचा दास बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत 'पाखरा, येशिल का परतून' म्हटले असेल ना, तेच हे कवी.

मी चाळीस वर्षे चर्चमध्ये पेटी वाजवते, म्हणून ठेक्याचे आधी सांगते. मिशनरींनी आणलेली गीते बहुतेक भाषांतरित. शब्द मराठी, पण सूर परदेशी. एकेक अक्षर ओढून बसवावे लागते. ती सुरू झाली की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गप्प होतात. टिळकांचे पद धरले की त्याच बायका पुस्तक न उघडता टाळी धरतात. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. तिचा सारा धर्म या पदांतून पाठ झालेला होता.

ख्रिस्ती कीर्तन नगरला कृष्णराव सांगळ्यांनी आधीच रुजवले होते. पण टिळकांच्या अभंगात जी आर्तता आहे ती मला दुसरीकडे सापडली नाही. हा माणूस कोकणातल्या करजगावचा, जन्म १८६१चा, चित्पावन ब्राह्मण. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन कित्येक वर्षे दूर राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ते दुःख 'स्मृतिचित्रे'त त्यांच्याच शब्दांत वाचा, मी सांगून त्याची चव घालवणार नाही.

धर्म बदलला तरी टिळकांनी तुकोबांना सोडले नाही. तुकोबांच्याच पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. म्हणून अभंगाची चाल त्यांनी लोकांना ओढायला मुद्दाम उसनी घेतली, असे कुणी म्हटले की मला वाईट वाटते. ती त्यांच्या घरातली भाषा होती. 'पुष्कळ अजुनि उणा प्रभु मी' हे पद म्हणून पाहा. इतके झुकून बोलणे उसने आणता येत नाही.

'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांनी १९१२पासून अखेरपर्यंत सांभाळला. १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ला मुंबईत ते गेले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मला मात्र त्या मोठ्या ग्रंथापेक्षा चार चरणांचे अभंगच जवळचे वाटतात.

आजीच्या गीताचे शब्द 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतपुस्तकात शोधा, तिथे टिळकांची कितीतरी पदे आहेत. चाल मात्र पुस्तकात नाही, ती गावोगावी बदलते. आत्याला म्हणायला लावा आणि या रविवारीच फोनवर उतरवून घ्या.