मशीन नसताना छोटी नक्षीदार लाकडी पेटी घरी बनवता येते का?

तुम्ही लिहिलंय की वन-आरकेमध्ये राहता, मशीन एकही नाही, आणि आईच्या साठीला दागिने ठेवायची छोटी पेटी स्वतःच्या हाताने करून द्यायचीय. जमेल, नक्की जमेल. मी परळला चाळीच्या गॅलरीत बसून आठ-नऊ पेट्या केल्यात, त्यातली पहिली सोडली तर बाकी सगळ्या आजही नीट उघडतात.

त्या पहिलीचंच आधी सांगतो. फेब्रुवारीत केली होती, वरची फळी चारही बाजूंनी फेविकॉल लावून चौकटीत एकदम घट्ट बसवली आणि फार खूश होतो. जुलैमध्ये एका कोपऱ्याचा जोड फाकला. कारण लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही पण त्याच्या रेषांच्या आडव्या बाजूने, म्हणजे रुंदीत, फुगतं, सागवानाची 12 सेंमी रुंद फळीसुद्धा मुंबईच्या पावसाळ्यात एखाद मिलीमीटर वाढू शकते आणि तिला जागा नाही मिळाली तर ती जोड ढकलते. म्हणून वरची फळी कधीच पूर्ण चिकटवायची नाही, चौकटीच्या आतल्या कडेने खाच करून त्यात सैल सोडायची, फक्त दोन टोकांना मधोमध एकेक थेंब फेविकॉल. तळाला 4 मिमी प्लायवूड घ्या, प्लाय असं फुगत नाही त्यामुळे ते बिनधास्त चिकटवा.

लाकूड शक्यतो जुनं सागवान घ्या. मुंबईत जुन्या चाळी पाडतात त्यांच्या दारं-खिडक्यांच्या चौकटी विकायला येतात, कित्येक वर्षं वाळलेलं लाकूड असतं ते, नवीन फळीसारखं वाकत नाही. वखारीत सांगून त्याच्या 10-12 मिमी जाडीच्या फळ्या कापून घ्या, रे रोडच्या बाजूला वखारी आहेत. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, एक खिळा राहिला तर रंध्याच्या (लाकूड तासायच्या अवजाराच्या) पात्याला खाच पडते.

अवजारं थोडीच लागतात. बारीक दातांची करवत, छोटा रंधा, 6 आणि 12 मिमीच्या दोन पटाश्या (लाकडाच्या छिन्न्या), काटकोन तपासायचा गुण्या, हँड ड्रिल आणि धार लावायचा दगड. नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत सगळं मिळतं. पैसे वाचवायचे तर बाकी कशातही वाचवा, दगडात नको, कारण सागवान धार लवकर खातं आणि बोथट पटाशीला जोर लावला की ती सटकून हातात जाते. मी दर पंधरा-वीस मिनिटांनी धार लावतो.

कोपऱ्यांसाठी डव्हटेलच्या, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या अवघड जोडाच्या, मागे लागू नका. एका फळीच्या टोकाला अर्ध्या जाडीची पायरी काढा, दुसरी फळी त्यात बसवा. पण फळीच्या कापलेल्या टोकाला फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून सुकल्यावर प्रत्येक कोपऱ्यात 3 मिमीची तीन भोकं पाडून कबाबच्या बांबूच्या काड्या फेविकॉल लावून ठोका आणि बाहेर आलेलं कापून टाका, जोडही पक्का होतो आणि ते फिकट ठिपके दिसतातही छान. क्लॅम्प नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून पेटीभोवती ताणून गुंडाळा, मात्र लगेच दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर फेविकॉल ओला आहे तोवरच दाबून सरळ करून घ्या.

झाकण वेगळं करूच नका. पेटी पूर्ण बंद बनवायची, मग चारही बाजूंनी रेघ मारून एकेका कोपऱ्यातून थोडं थोडं करत झाकण करवतीने कापून काढायचं, त्यामुळे लाकडाच्या रेषा खालून वर सलग जुळतात. (बांबूच्या काड्या त्या रेघेवर येणार नाहीत एवढं आधी बघा.)

आता नक्षी, मला सगळ्यात आवडणारा भाग. 19व्या शतकात इथल्या पेट्या परदेशात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून ओळखल्या जायच्या, त्यावर सादेली काम असायचं. हस्तिदंत, आबनूस, कथील यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून जुडी करायची आणि ती आडवी चकत्या-चकत्या कापायची, प्रत्येक चकतीत तेच नक्षीचं फूल. आपण त्याचंच साधं रूप करू शकतो. शिसम आणि एखादं फिकट लाकूड यांच्या पट्ट्या आलटून पालटून चिकटवा, सुकल्यावर 2 मिमीच्या चकत्या कापा आणि झाकणाच्या कडेने उथळ खाच करून ओळीने बसवा. याला दोन रविवार जातील, पण ज्याच्या हातात पेटी देता तो आधी तिथेच बोट फिरवतो.

पॉलिशला चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून, साधारण 100 मिलीला 20 ग्रॅम, सुती कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात द्या. भर पावसात करू नका, दमट हवेत लाख पांढुरकी पडते. आतून तेल अजिबात लावू नका, बंद पेटीत त्याचा वास कोंडतो.

बिजागऱ्या पितळेच्या घ्या, पण पितळी स्क्रू सागवानात सरळ पिळलात तर डोकं तुटून आतच राहतं. आधी भोक पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत पिळून बाहेर काढा, मग पितळीला थोडं मेण लावून बसवा.