नवीन थेरपिस्ट शोधतेयस ना, मग हे वाच

अगं, पहिल्या थेरपिस्टशी जमलं नाही म्हणून खचू नकोस, मला तिसऱ्या बाई भेटल्या तेव्हा कुठे मोकळं बोलता आलं. फोनवरच विचार, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहात का, आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, यांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन आहे का, मराठीत सेशन घेता का, फी किती. मी आधीच्या सेशन्समधलं काय उपयोगी पडलं नि काय नाही ते वहीच्या एका पानावर लिहून नेलं होतं, त्यामुळे सगळं पहिल्यापासून परत सांगताना होणारा त्रास वाचला. तीन-चार सेशन दे, तरी अवघडल्यासारखं वाटलं तर सरळ सांग आणि बदल.

आणि थकव्या-उदासीसाठी व्हिटॅमिनच्या सप्लिमेंट घेणार असशील तर त्याआधी बी१२ आणि डी३ ची रक्ताची टेस्ट कर, शाकाहारी लोकांत बी१२ कमी असणं फार कॉमन आहे आणि त्यानेही थकवा, उदासी येते. डी३ ची ६०,००० युनिटची गोळी बहुतेकदा आठवड्याला एकच असते, माझ्या आईने ती चार दिवस रोज घेतली, आम्ही जाम घाबरलो होतो, त्यामुळे डोस नीट विचारून घे. आणि ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्ट हे उदासीवरचं हर्बल औषध डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत अजिबात नको, सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक वाढू शकतं. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नकोस प्लीज. रात्री फारच वाईट वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, फुकट आहे, मराठीतही बोलतात.