'चक्रीय' पेप्टाइड की 'वलयी' पेप्टाइड?

'हाडवाढ प्रथिनाला लक्ष्य करणाऱ्या चक्रीय पेप्टाइडांचे डिझाइन' या मथळ्यातील 'चक्रीय' हा शब्द योग्य आहे का, की त्याऐवजी 'वलयांकित' म्हणावे, असा प्रश्न विचारला गेला आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी.

'वलयांकित' नको. ज्याच्याभोवती वलय आहे तो वलयांकित. म्हणूनच आपण प्रसिद्ध व्यक्तीला वलयांकित म्हणतो. इथे अमिनो आम्लांच्या साखळीचेच वलय झालेले असते. 'चक्रीय' चुकीचा नाही आणि रसायनशास्त्रात तो रुळलेलाही आहे, परंतु 'चक्रीय मंदी'सारख्या प्रयोगांमुळे त्याला पुन्हापुन्हा घडण्याचा अर्थ चिकटला आहे. 'विषमवलयी संयुगे' (ज्यांच्या वलयात कार्बनखेरीज इतर मूलद्रव्याचेही अणू असतात अशी संयुगे) ही संज्ञा मराठीत आधीपासून आहे, तेव्हा त्याच वळणाचा 'वलयी' मला अधिक नेमका वाटतो. 'चक्राकार' मात्र कटाक्षाने टाळावा, कारण ही वलये गोल नसतात, त्यांना घड्या आणि वळसे असतात.

'वलयी' म्हणण्याचा आणखी एक लाभ ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या उदाहरणात दिसतो. त्यात नऊ अमिनो आम्ले असतात; पहिल्या आणि सहाव्या स्थानावरील सिस्टीन या अमिनो आम्लांमधले गंधकाचे अणू एकमेकांशी जोडले जाऊन सहा आम्लांचे वलय तयार होते आणि उरलेली तीन आम्ले शेपटीसारखी बाहेर राहतात. सायक्लोस्पोरिन या औषधामध्ये मात्र अकराही आम्ले वलयातच असतात आणि साखळीला मोकळे टोकच उरत नाही. 'वलय असलेले' या अर्थाचा शब्द दोन्हींना लागू पडतो.

'डिझाइन'साठी 'आखणी' घ्यावा. 'आरेखन' म्हटले की चित्र डोळ्यांसमोर येते, आणि इथे तर कोणती आम्ले घ्यायची, वलय किती मोठे ठेवायचे आणि ते कुठे जोडून बंद करायचे हे आधी ठरवायचे असते. मोकळी साखळी पाण्यात सतत आकार बदलत असते, त्यामुळे प्रथिनाला चिकटताना तिला हे स्वातंत्र्य गमवावे लागते व बंध तितका सैल पडतो; वलय नीट आखले असेल तर ते आधीच योग्य आकाराच्या जवळ असते. शिवाय टोकाकडून साखळी कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) पूर्ण बंद झालेल्या वलयात टोक सापडत नाही.

माझा खरा आक्षेप 'हाडवाढ प्रथिनाला लक्ष्य करणाऱ्या' या शब्दांवर आहे, कारण पेप्टाइड त्या प्रथिनाला रोखते की साथ देते, हे त्यांतून कळत नाही. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवले, की खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत रोवल्यास तिथे नवे हाड तयार होते. त्यामागच्या प्रथिनांना (इंग्रजीत bone morphogenetic proteins) 'अस्थिरूपजनक प्रथिने' म्हणता येईल. नको तिथे हाड वाढत असेल तर ती रोखायची असतात, मोडलेले हाड सांधायचे असेल तर त्यांचे काम वाढवायचे असते. याउलट स्क्लेरोस्टिन हे प्रथिन हाडाच्या वाढीला लगाम घालते, म्हणून त्याला रोखले की हाड वाढते. तेव्हा मूळ लेखात काय केले आहे ते पाहून क्रियापद निवडावे. प्रथिनाला रोखले असेल, तर 'अस्थिरूपजनक प्रथिनाला चिकटून त्याचे कार्य रोखणाऱ्या वलयी पेप्टाइडांची आखणी' असा मथळा करता येईल. आणि ते प्रथिन स्क्लेरोस्टिन असेल, तर त्याचे नाव मथळ्यातच द्यावे, म्हणजे 'रोखणाऱ्या' या शब्दावरून हाडाची वाढच रोखली जाते असा उलटा अर्थ कोणी काढणार नाही.