गिअर टाकून वेग वाढवला की बोट मागून थरथरते. पंखा (प्रोपेलर) बदलू की इंजिनाचे माउंट (त्याखालचे रबरी पाय)?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की १८०० आरपीएमच्या पुढे मागच्या फळ्या थरथरतात, मिस्त्री म्हणतो चारही माउंट बदला, ओळखीचा बोटवाला म्हणतो पंखा बदला. यातल्या कुणी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हातात घेतल्याचं तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. न मोजता सामान बदलणं म्हणजे तुमच्या पैशांवर अंदाज बांधणं. मला याचा राग आहे, आणि कारणही आहे.

पंख्याचं पातं वाकलंय का, त्यात दोर अडकलाय का, शिंपले चढलेत का, हे पाहिलं असेलच असं धरतो. गिअर न टाकता त्याच आरपीएमला थरथर आली तर इंजिनाकडे बघा. तुमची गिअर टाकल्यावरच येते, म्हणजे आधी कपलिंगपासून (गिअरबॉक्सला पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथे जोडतात तिथून) पंख्यापर्यंत शोधायचं.

आमची बोट माझी आणि दादाची, सामाईक. गिअरबॉक्सचं ऑइल सील गळत होतं म्हणून मिस्त्रीनं कपलिंग सोडवायला घेतलं. शाफ्टवरचा फ्लँज, म्हणजे कपलिंगची त्या बाजूची चकती, गंजून धरला होता, तर त्यानं घणानं ठोकून काढला आणि ठोकूनच परत बसवला. सील बदललं, गळती थांबली, आणि बोट थरथरायला लागली. त्याचं निदान झटपट होतं, माउंट बसलेत. माउंट बदलले, थरथर तशीच. मग बोट वर ओढलेली असताना फ्लँजच्या कडेवरून हाताचं बोट फिरवून त्यानं अलाइनमेंट केलं, म्हणजे दोन्ही फ्लँज एका रेषेत आणले, तरी तशीच. मग पंखा बॅलन्स करून आणा म्हणाला, तोही आणला. दादाचं प्रत्येक वेळी एकच, ‘त्याचं आयुष्य गेलंय या कामात, तू मध्ये पडू नकोस.’

मी पडलो. बोट पाण्यात, टाक्या नेहमीसारख्या भरलेल्या. कपलिंगचे बोल्ट काढले. मोकळं झालं की शाफ्टचं टोक स्वतःच्या वजनानं खाली झुकतं आणि खालच्या बाजूला खोटी फट दाखवतं, म्हणून आधी ते लाकडी पाचरीवर उचलून धरलं, इतकं की एका फ्लँजची उठलेली गोल कड दुसऱ्याच्या खाचेत हातानं सरकावी. मग दोन्ही फ्लँज एकमेकांना टेकवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे गेज घातला. नेहमीचा हिशेब असा, फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) फरक चालतो. आमचा चार इंची, म्हणजे चार थाउ, साधारण ०.१ मिलिमीटर. वर फ्लँज घट्ट टेकलेले, आणि खाली बारा थाउची पट्टी आरामात आत जात होती.

मिस्त्री आणि दादा दोघंही उभे होते. मिस्त्री लगेच म्हणाला, ‘बघा, इंजिनाचं तोंड वर गेलंय, पुढचे माउंट खाली घेतो.’ मी म्हटलं, थांबा. गिअरबॉक्सचा फ्लँज जागचा हलू दिला नाही आणि फक्त शाफ्ट हातानं अर्धा फेरा फिरवला. दोष इंजिनाच्या बैठकीत असता तर फट खालीच राहिली असती. ती वर आली. पाव फेरा फिरवला तर कडेला गेली. फट शाफ्टबरोबर फिरत होती, म्हणजे वाकडेपणा शाफ्टच्या बाजूचा होता. यावर मिस्त्री म्हणाला, ‘गेजवर बोटी चालत नाहीत’, आणि निघून गेला.

शाफ्ट बाहेर काढून लेथवर वाकडेपणा दाखवणारा डायल गेज लावला. शाफ्ट सरळ होता, फ्लँज वाकडा होता. घणाचे घाव दिसतही होते. फ्लँज शाफ्टवर पक्का बसवून, दोन्ही एकत्र लेथवर धरून त्याचं तोंड सरळ करून घेतलं. सुटा फ्लँज नेऊन हे काम होत नाही. शाफ्ट बाहेर होता तेव्हाच पंख्याजवळचं रबरी बेअरिंग बदललं, कारण हेलकावणाऱ्या शाफ्टनं ते लंबगोल खाल्लं होतं. नुसतं बेअरिंग बदललं असतं तर नवंही तसंच गेलं असतं.

दादा अजून म्हणतो, ‘नवे माउंट टाकले म्हणून थरथर थांबली.’ माउंट टाकल्यावर बोट अख्खा हंगाम थरथरली, फ्लँज सरळ केल्यावर थांबली. याहून वेगळा पुरावा माझ्याकडे नाही आणि लागतही नाही.

म्हणून तुमच्या मिस्त्रीला विचारा, अलीकडे कपलिंग कुणी उघडलं होतं का आणि कसं काढलं. गंजलेला फ्लँज घणानं काढायचा नसतो. जाड लोखंडी पट्टी फ्लँजला लांब बोल्टनी जोडायची, मध्ये शाफ्टच्या टोकाला टेकेल असा तुकडा धरायचा आणि बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळायचे. आणि जमिनीवर केलेलं अलाइनमेंट शेवटचं मानू नका, बोट पाण्यात उतरली की तिचा आकार थोडा बदलतो. एक दिवस पाण्यात राहू द्या, मग मोजा. फ्लेक्सिबल कपलिंग घालून टाका म्हणणारेही भेटतील. त्यानं थरथर दबते, वाकडेपणा जात नाही. असलं कपलिंग आधीच बसवलेलं असेल तर मोजताना ते काढून ठेवावं लागेल.

आता तुमच्या मिस्त्रीच्या बाजूनंही सांगतो. डिझेल गळून गळून माउंटचं रबर खरंच मऊ होतं आणि इंजिन बसतं. न्यूट्रलला शांत असलेलं इंजिन पंख्याच्या रेट्याखाली हलतं, तेव्हा माझी वरची गिअर न टाकता बघायची चाचणी माउंटला पूर्ण निर्दोष ठरवत नाही. पंखा नुकताच काढून घातला असेल तर तो चावीवर (शाफ्ट आणि पंखा एकत्र फिरवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) चढून बसलाय का बघा. चावी न घालता पंखा शाफ्टच्या निमुळत्या भागावर किती पुढे जातो तिथे खूण करा, मग चावी घालून बघा. खुणेपर्यंत पोचला नाही तर चावी उंच आहे आणि पंखा मध्यावर नाही. आणि ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी) हाताला चटका बसण्याइतकी तापत असेल किंवा पाणी धारेनं येत असेल, तर हे मिटेपर्यंत बोट घेऊन फेरीला निघू नका. शाफ्टला हात लावण्याआधी इंजिनाची किल्ली काढून खिशात ठेवा.

फट कुठे होती आणि शाफ्ट अर्धा फेरा फिरवल्यावर कुठे गेली, एवढं मोजून इथे लिहा. जागची हलली नाही तर मिस्त्रीला अलाइनमेंटसाठी परत बोलवा, पण माउंटचे पैसे त्याआधी देऊ नका.